मास्तरांची एकसष्टची गाडी

टेलिफोनबाईंना पहिला संशय आला तो डेंटिस्टच्या रुमालावरून.

त्यांच्या यजमानांना, म्हणजे मास्तरांना, जाऊन फार दिवस झाले नव्हते. डेंटिस्ट भेटायला आले, बाहेरच्या खोलीत बसले, डोळ्यांना रुमाल लावला आणि रुमाल खाली घेतल्या घेतल्या म्हणाले, "वहिनी, गाडी कुणाला दाखवली तर नाही ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई माझ्याकडे आल्या. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एकच भिंत, त्यामुळे त्या दार वाजवत नसत, आधी भिंत वाजवत. "रुमाल कोरडा होता गं," त्या म्हणाल्या. "कुठेतरी पाणी मुरतंय."

बाईंना पाणी नेहमीच कुठे ना कुठे मुरताना दिसायचं. सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कोवळ्या वयात कानाला हेडफोन लावला तो निवृत्तीच्या दिवशी काढला. पूर्वी ट्रंक कॉल जोडून द्यावे लागत, तेव्हा लाइन नीट लागली की नाही ते ऐकायला दोन शब्द कानावर पडायचेच. त्या दोन-दोन शब्दांवर त्यांनी माणसाची जात ओळखायला शिकून घेतलं होतं. म्हणजे खरं बोलणारी आणि खोटं बोलणारी, या दोनच जाती. भाजीवाल्याच्या तराजूचं पारडं त्या उलटं करून बघत. बाहेरून आल्यावर कुलूप उघडण्याआधी स्वतःच्याच घराची बेल दाबत. का, तर आत चोर असला तर त्याला मागच्या दाराने जायला वेळ मिळावा. "उगाच समोरासमोर कशाला यायचं?"

एका मास्तरांवर मात्र त्यांनी कधी संशय घेतला नाही. मास्तर तंत्रशाळेत ड्रॉइंग शिकवायचे. किडकिडीत, कानामागे पेन्सिल, बोलणं कमी आणि जेवण त्याहून कमी. आयुष्यात त्यांनी एकच शौक केला, तो म्हणजे ती गाडी. एमजी मिजेट, दोनच माणसांची, वरून उघडी, गडद हिरवी. एवढी बुटकी की शेजारी रिक्षा उभी राहिली तर रिक्षा थोराड दिसे. बाई एक्स्चेंजमध्ये पाळ्या करायच्या तेव्हा मास्तरांनी ती कुठल्याशा भाड्याच्या गॅरेजात दुरुस्त केली आणि एका संध्याकाळी चालवत घरी आणली. "एकसष्टची आहे," असं म्हणाले होते. त्यानंतर ज्याला त्याला तेच सांगत आले.

आमच्या गावात अशा जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स गाड्या बाळगणाऱ्यांचा एक क्लब आहे. मोजकीच माणसं. कुणाची एमजी, कुणाची ट्रायम्फ, एखादी ऑस्टिन-हीली. या क्लबात मी दोनचारदा मास्तरांबरोबर गेले होते, आणि मला तिथे एक गंमत दिसली. ही मंडळी स्वतःचं वय कमी सांगत आणि गाडीचं वाढवून. पासष्टच्या आधीची गाडी असेल तरच क्लबात प्रवेश. वर्षातून एकदा सगळे मिळून लांब फेरी काढत, तेव्हा गाड्या वयाप्रमाणे रांगेत लागत. सर्वांत थोरली पुढे, धाकटी शेवटी धूळ खात. या रांगेवरून अशी भांडणं होत की सख्ख्या भावांची वाटणी बरी. एक म्हणणार, कारखान्यातून बाहेर पडली ते वर्ष धरा. दुसरा म्हणणार, पहिल्यांदा रस्त्यावर आली ते. मग शेवटचा शब्द डेंटिस्टचा. गाड्यांची वयं तपासायचं काम क्लबाने त्यांना दिलं होतं. दात बघून घोड्याचं वय सांगतात, तेव्हा हा माणूस योग्यच, असं मास्तर हसून म्हणायचे.

डेंटिस्टनंतर कॅप्टन आले. हे विमान चालवायचे, आता निवृत्त, आणि क्लबाचे अध्यक्ष. सोफ्यावर बसतानासुद्धा पट्टा बांधल्यासारखे ताठ बसत.

"वहिनी, तुमच्या गॅरेजात ओल आहे. गाडी माझ्या शेडमध्ये नेऊन ठेवतो. काळजी नको."

"ओल गेली वीस वर्षं आहे," बाई म्हणाल्या.

"हो, पण आता मास्तर नाहीत."

"ते काय ओल पुसत बसायचे?"

कॅप्टन चहा अर्धा टाकून गेले. त्यांच्या मागोमाग घड्याळवाले आले. यांचं दुकान कोपऱ्यावर, आणि यांच्याकडे एक जुनी ट्रायम्फ. हे मास्तरांचे सर्वांत जवळचे. आले, गॅरेजात जाऊन गाडीसमोर उभे राहिले, बॉनेटवर हात ठेवला, चहा पूर्ण प्यायले आणि एक अक्षर न बोलता निघून गेले.

"बोलणाऱ्याचं मला काही वाटत नाही," बाई मला म्हणाल्या. "हा न बोलणारा बघ. आवळा देऊन कोहळा काढणारे परवडले, हा तर आवळाही देत नाही."

त्यांनी गॅरेजला नवं कुलूप लावलं आणि किल्ली साखरेच्या डब्यात पुरली. त्यामुळे माझ्याकडे साखर मागायला येऊ लागल्या, कारण डबा पुन्हापुन्हा उघडला तर कुणाच्या लक्षात येईल.

अशात परगावाहून लेकीचा फोन आला. मी तिथेच होते. "आई, गाडी क्लबातल्याच कुणाला तरी देऊन टाक. बाहेर विकू नकोस. आणि प्रत्येकावर संशय घेणं आता पुरे."

बाईंनी क्षणभर डोळे मिटले. "हे तू कुणाच्या सांगण्यावरून बोलतेस?"

लेक म्हणाली, "कॅप्टनकाकांचा फोन आला होता. चांगल्यासाठीच सांगत होते."

बाईंनी फोन ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. उलट खूप दिवसांनी त्या मला तरतरीत दिसल्या. "बघ," म्हणाल्या, "माझ्या पोटच्या पोरीपर्यंत लाइन टाकली."

आणि मग त्यांनी उलटी लाइन टाकली. डेंटिस्टना म्हणाल्या, बाहेरगावचं एक गिऱ्हाईक गाडी बघायला येणार आहे. कॅप्टनना म्हणाल्या, गाडी तंत्रशाळेला देतेय, मुलं खोलून बघतील, शिकतील. घड्याळवाल्यांना म्हणाल्या, मी स्वतः चालवायला शिकणार. तिघांना तीन गोष्टी, आणि मग बसल्या वाट बघत.

दुसऱ्या दिवशी कॅप्टनचा फोन, "वहिनी, बाहेरगावच्या माणसाचा काय भरवसा?" त्यांना बाहेरगावच्या माणसाचं कुणी सांगितलं होतं? संध्याकाळी डेंटिस्ट दारात, घामाघूम. "शाळेतली मुलं गाडीची वाट लावतील हो!" म्हणजे या दोघांचं एकमेकांशी सूत होतं, हे उघड झालं. घड्याळवाल्यांना सांगितलेलं मात्र कुठूनच परत आलं नाही.

"एक तर हा पक्का आहे," बाई म्हणाल्या, "नाही तर याला सांगायला कुणी नाही."

डेंटिस्ट आलेच होते, तर म्हणाले, इंजिन जरा चालू करून ठेवतो, नाहीतर बॅटरी उतरेल. बाईंनी किल्ली दिली. मला आश्चर्य वाटलं. पण स्वयंपाकघराची खिडकी गॅरेजच्या बाजूला उघडते, आणि बाईंनी तिथे आधीच स्टूल ठेवलं होतं. मला हाताने गप्प बसवलं. इंजिन काही चालू झालं नाही. डेंटिस्ट फोनवर हळू आवाजात बोलत होते: "पाटी आहे तशीच आहे... नाही, आता काढली तर भोकं दिसतील."

ते गेल्यावर आम्ही दोघी गॅरेजात शिरलो. बॉनेट उचलायलाच बराच वेळ गेला. इंजिनाच्या बाजूला धातूची छोटी पाटी होती, तिच्यावर गाडीचा नंबर ठोकलेला. या नंबरावरूनच गाडी कुठल्या वर्षाची ते कळतं, एवढं मला मास्तरांकडून माहीत होतं. पाटी काळवंडलेली, कडा झिजलेल्या. पण जे चार खिळे तिला धरून होते ते चकचकीत.

"पाटी थोरली आणि खिळे धाकटे," बाई म्हणाल्या.

गावाच्या दुसऱ्या टोकाला गाड्यांची पत्र्याची कामं करणारा एक बॉडीवाला होता. त्याचा क्लबाशी काही संबंध नाही, याची बाईंनी तीन ठिकाणी चौकशी केली आणि मग त्याला बोलावलं. तो माणूस गोणपाट टाकून गाडीखाली शिरला. आतून ठकठक ऐकू येत होती. बाहेर आला तो कपाळाला काळं लागलेला.

"बाई, ही एक गाडी नाही."

"मग काय आहे?"

"दोन आहेत. सीटांच्या मागे जोड आहे, आरपार. पुढचा भाग जुन्या गाडीचा. एकसष्ट म्हणता ना, असेल. मागचा भाग नंतरच्या गाडीचा. मागच्या स्प्रिंगा बघा, जुन्या गाडीला या नव्हत्या. अडुसष्टच्या आसपासची धरा." मग त्याने हात पुसले. "जोडकाम मात्र असं आहे की मी केलं असतं तर फोटो काढून दुकानात लावला असता."

बाई एकदम उसळल्या. "चोर! तिघंही चोर! माझी अर्धी गाडी पळवली!"

त्यांचं म्हणणं असं की मास्तर आजारी असताना गाडी सर्व्हिसिंगला म्हणून कॅप्टनच्या शेडमध्ये होती. तेव्हाच या लोकांनी मागचा खरा अर्धा काढून घेतला आणि खोटा चिकटवला. पोलिसांकडे जायची भाषा सुरू झाली. अर्धी गाडी चोरीला गेल्याची तक्रार पोलीस कशी लिहून घेणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता, पण तेवढ्यात बॉडीवाला म्हणाला, "जोड जुना आहे बाई. पंधरा-वीस वर्षं तरी. आणि करणारा साधा वेल्डर नव्हता. पत्र्यावर आधी आखून घेतलंय. बघायचं तर बघा."

त्याने गाडीखाली आरसा सरकवला आणि वर टॉर्च धरला. बाई फरशीवर गुडघे टेकून वाकल्या. जोडाच्या शेजारी, रंगाच्या पापुद्र्यामधून, पत्र्यावर ओरखडून काढलेल्या बारीक रेघा दिसत होत्या. मधोमध एक रेघ, तिच्या दोन्ही बाजूंना मापाच्या रेघा, आणि त्यांच्या टोकांना बाण. लांबट, बारीक, शिवणाच्या सुईसारखे बाण.

मी ते बाण ओळखले नाहीत. बाईंनी ओळखले. जिच्या घरात भिंतीवरच्या कपाटापासून मोरीतल्या फळीपर्यंत प्रत्येक वस्तू आधी मास्तरांच्या हातून कागदावर काढली गेली होती, ती हे बाण कसे विसरेल?

त्या तशाच वाकलेल्या राहिल्या. बॉडीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याला खुणेने जायला सांगितलं.

नंतरचे दिवस वाईट गेले. तिघांवर संशय होता तोवर बाई खात-पीत होत्या, भांडत होत्या. आता संशयाला एकच माणूस उरला आणि तो उत्तर द्यायला नव्हता. एक टाका उसवला की माणूस सगळी शिवण ओढून बघतो, तसं त्यांचं झालं. मास्तरांच्या कोटांचे खिसे उलटे करून झाले. शाळेच्या शिपायाला विचारून आल्या, मास्तर शनिवारी किती वाजता निघायचे. मला विचारायच्या, "ते घरी यायचे तेव्हा साबणाचा वास यायचा. गॅरेजात कुठला आलाय साबण?" मी म्हटलं, ग्रीस धुवायला ठेवला असेल. "असेल," त्या म्हणायच्या. "सगळंच असेल." मुलीला सांगायची त्यांची छाती होईना. भिंत वाजेनाशी झाली, तेव्हा मला खरी धास्ती वाटली.

एका दुपारी मीच गेले आणि म्हटलं, "चला, घड्याळवाल्यांकडे जाऊ."

"तो काय सांगणार? मुका आहे."

"मुक्याला कुणी विचारलंय का अजून?"

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. घड्याळवाले डोळ्याला भिंग लावून कामात होते. बाईंनी प्रस्तावना केली नाही. "गाडी दोन तुकड्यांची आहे, मला कळलंय. आता बोला."

त्यांनी भिंग काढलं, चिमटा खाली ठेवला आणि दुकानाचं दार लोटून घेतलं. मग त्यांनी सांगितलं ते असं. मास्तरांनी हौसेने घेतलेली गाडी अडुसष्टची होती आणि तिचं पुढचं सगळं गंजून गेलं होतं. त्याच सुमारास डेंटिस्टच्या एकसष्टच्या मिजेटला ट्रकने मागून धडक दिली. पुढचं शाबूत, मागचा चेंदामेंदा. दोन अर्ध्या गाड्या, आणि दोन दोस्त. मास्तरांना क्लबात यायचं होतं, अडुसष्टच्या गाडीला प्रवेश नव्हता. म्हणून दोन्ही जोडल्या, पाटी एकसष्टची राहू दिली, आणि वय तपासायला डेंटिस्ट स्वतःच होते.

"खिळे मी ठोकले," घड्याळवाले म्हणाले. "रंग देताना जुनी पाटी काढली होती, ती परत नीट बसवली."

"आणि मला का नाही सांगितलं?"

"तो म्हणायचा, तिला सांगितलं तर तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागेल. तिला ते जमायचं नाही. पहिल्याच फेरीला सगळ्यांसमोर सांगून टाकेल."

बाई डोळे मिटून ऐकत होत्या. "खरं बोलताय," त्या म्हणाल्या. "पण सगळं नाही. अजून काय आहे?"

घड्याळवाल्यांनी खाली बघितलं. "मास्तरांच्या गाडीचं खोटं वय खपवून घेतलं, मग डेंटिस्टला बाकीच्यांचंही खपवून घ्यावं लागलं. कॅप्टनची गाडी रांगेत पहिली असते ना, एकोणपन्नासची म्हणून? बावन्नची आहे. तुमची बाहेर गेली आणि कुणी जाणकाराने वाकून बघितलं, की मग एकेकाचं निघणार. म्हणून ते दोघं तुमच्या मागे."

"आणि तुम्ही?"

"मी नुसताच आलो होतो. शनिवारी मास्तरांबरोबर गाडीशी बसायची सवय, आता दुसरीकडे कुठे जायचं ते सुचत नव्हतं."

परत येताना बाई दारापाशी थांबल्या. "चौघांना ठाऊक, आणि मी घरात राहून परकी," म्हणाल्या. त्यांच्या आवाजात मी रडू पहिल्यांदा ऐकलं. मास्तर गेले त्या दिवशीसुद्धा ऐकलं नव्हतं.

क्लबाची बैठक कॅप्टनच्या शेडमध्ये होती. बाईंनी मला बरोबर घेतलं. मंडळी खुर्च्या मांडून बसली होती, फेरीची रांग ठरवायची होती. बाई उभ्या राहिल्या. "मास्तरांची गाडी पुढून एकसष्टची आहे आणि मागून अडुसष्टची. पाटी अर्ध्याच गाडीची आहे. तुमच्या नियमात बसत नसेल तर काढून टाका. मला जे कळलं ते मी सांगितलं. बाकीच्यांनी आपापलं बघावं."

मागे कुणीतरी फसकन हसलं आणि गप्प झालं. डेंटिस्ट लालबुंद होऊन उठले. "वहिनी, निदान मास्तरांच्या नावाचा तरी विचार करायचा!"

"मास्तरांचं नाव मी लावते," बाई म्हणाल्या, "तुम्ही नाही."

कॅप्टन छताकडे बघत होते. त्यांची गाडी तिथेच उभी होती, चकाचक पुसलेली, आणि दोनतीन माणसं माना वळवून तिच्याकडे बघायला लागली होती. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण त्या दिवशी न खाणाऱ्यांनाही खवखवू लागलं असावं, कारण घरी जाऊन बऱ्याच जणांनी आपापल्या गाडीखाली टॉर्च मारला, असं पुढे कानावर आलं.

पुढचं सगळं गोड झालं असं नाही. डेंटिस्टनी तपासनिसाचं काम सोडलं आणि आमच्या रस्त्याने येणंही सोडलं. कॅप्टननी तब्येतीचं कारण देऊन अध्यक्षपद दुसऱ्याला दिलं. दोघांनी क्लबच सोडला. उरलेल्यांनी बरीच वादावादी करून ठरवलं की जोडगाडी असली तरी चालेल, पण जिचा धाकटा भाग ज्या वर्षाचा, तेच तिचं वय. त्या हिशेबाने मास्तरांची मिजेट रांगेच्या अगदी शेवटी गेली.

बाई गाडी चालवायला खरंच शिकल्या. शिकवणाऱ्या माणसावर त्यांचा पहिल्या दिवसापासून वहीम होता की हा गुपचूप आपल्या बाजूचा ब्रेक दाबतो आणि श्रेय मला देतो. परवाना मिळाल्यावरही महिनाभर त्यांना वाटत होतं की परीक्षा घेणाऱ्याने दया दाखवली. साखरेचा डबा मोकळा झाला, गॅरेजच्या दाराला आता साधीच कडी असते. घड्याळवाले शनिवारी येतात, कार्ब्युरेटर साफ करतात, चहा घेतात. बाई त्यांच्याशी बोलतात, पण त्यांच्याकडे पाठ करून बसत नाहीत.

त्या वर्षीच्या फेरीला मी त्यांच्या शेजारी बसले होते. सगळ्यांच्या मागे, तोंडावर स्कार्फ बांधून, पुढच्या गाड्यांची धूळ खात. घाटाच्या चढावर गाडी जरा कुरकुरली तशी बाईंनी गिअर बदलला, आणि मला इतके दिवस विचारायचं होतं ते मी विचारून टाकलं. "मास्तरांना माफ केलंत का?"

"गाडीचं?" त्या म्हणाल्या. "त्याचं काय एवढं? अर्धं तर खरं होतं." एक वळण गेलं, मग दुसरं. "मला बाहेर ठेवलं, त्याचं अजून बघतेय."

मग त्यांनी आरशात मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं, आम्हीच शेवटचे होतो. तरी त्यांनी पुन्हा एकदा पाहिलं, आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय थोडा दाबला.